स्वतःचं स्वतः

(मदत केंद्राचा टेलिफोन विभाग. सल्लागार ताईंच्या कानाला फोन, पलीकडे एक आजी; ताईंच्या पाठीमागे साहेब उभे.)

साहेब: आठ मिनिटांत फोन संपवायचा असतो. तुमचा अर्धा तास झाला.

ताई: होय साहेब. आजींना सरकारकडून मिळणारी रोजची मदतनीस बंद केलीय. हरकत नोंदवायला आज पाचपर्यंतच मुदत आहे. हं, बोला आजी. मदतनीस लागते का, याच्या पाहणीला बाई आल्या, तेव्हा तुम्ही काय केलंत?

आजी: काय करणार? दार उघडलं. केस विंचरलेले, कपडे स्वच्छ. परक्या माणसापुढे गबाळ्यासारखी बसू होय?

ताई: त्यांनी अहवालात लिहिलंय, 'नीटनेटक्या. स्वतःचं स्वतः करतात.'

आजी: मीच तसं म्हणाले.

ताई: आवरायला किती वेळ लागला होता?

आजी: पहाटेच उठले. नुसत्या बटणांना तास गेला. बोटं वळत नाहीत गं.

ताई: हे सांगितलंत त्यांना?

आजी: त्यांनी विचारलं कुठे? आणि विचारलं असतं तरी सांगितलं नसतं!

साहेब: ताई, आपण फक्त माहिती द्यायची. लोकांच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत.

ताई: शब्द त्यांचेच आहेत, साहेब. मी नुसतं विचारतेय.

साहेब: फोन ठेवा. नाहीतर मला वर कळवावं लागेल.

ताई: खुशाल कळवा. मी ठेवणार नाही.

आजी: कोण गं खेकसतंय?

ताई: आमचे साहेब.

आजी: अगं बाई! माझ्यापायी नोकरी घालवू नकोस.

ताई: माझं मी बघते. मदतनीस बंद झाल्यावर आंघोळ कधी केलीत?

आजी: ते कशाला विचारतेस?

ताई: सांगा, आजी.

आजी: नऊ दिवस झाले. कुणाला बोलू नकोस.

ताई: तेच तर हरकतीत लिहायचंय.

आजी: उभ्या जन्मात कुणापुढे हात पसरला नाही मी.

ताई: पसरायला कोण सांगतंय? हक्काचं आहे ते. मी एक अक्षर खोटं लिहिणार नाही. पण तुम्हीच खरं झाकून ठेवलंत, तर मी लिहू काय?

साहेब: पाचला बारा मिनिटं आहेत.

ताई: ठाऊक आहे.

आजी: लिही मग. माझं मला जमत नाही. आंघोळ नाही, बटणं नाहीत, काही नाही.

ताई: लिहिलं.

आजी: आता वाचून दाखव. मोठ्यानं. तुझ्या साहेबांनाही ऐकू दे.