क्वार्टरबॅक कोणाला म्हणावे

हॅलो?… हो, एडिथच बोलतेय. माझ्या घरात फोन उचलायला दुसरं आहे कोण, हॉलिस?

काय?… हो, मीच पाठवलं ते पत्र. सकाळी आठला.

ओरडू नकोस… अरे ओरडू नकोस म्हणते ना. ट्रॅक्टर विकतोस म्हणून ट्रॅक्टरसारखं बोलायलाच हवं असं नाही.

हो. बाबांचं नाव काढा, असंच लिहिलंय. ‘डक रिव्हर फुटबॉल कॉन्फरन्सच्या शंभर वर्षांतले दहा सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक’ या यादीतून सातव्या क्रमांकाचे रूफस टार्पली, कोल्डवॉटर कॉलेज, १९५३, यांना वगळावे, ही त्यांच्या कन्येची नम्र विनंती…

नाही, वेड लागलेलं नाही.

ठाऊक आहे. बारा वाजता समितीचं शेवटचं मतदान. आत्ता अकरा वाजून दहा मिनिटं झालीत, आणि एवढ्यात तू तीनदा माझी आई काढलीस. ती तुझीही आई होती, एवढं लक्षात ठेव.

हं… हं… बरं, मग तूच सांग. बाबांनी चार वर्षांत पास किती फेकले?… आठवतंय ते नको, मोजलेलं सांग… तीन. बरोबर. एक समोरच्या संघाच्या हातात, एक बँडवाल्यांच्या ढोलावर… हसतोस काय! आणि तिसरा अजून सापडलेला नाही.

अरे ऐक ना. आज क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा. मान्य?… पण आपल्या कॉलेजात तेव्हा जुनी रचना होती. चेंडू थेट मागे जायचा, टेलबॅककडे. फेकणारा तो, पळणारा तो. आणि क्वार्टरबॅक म्हणवणारा माणूस पुढे घुसून समोरच्यांना आडवं करायचा. बाबांचं नाक तीन ठिकाणी मोडलं होतं, ते काय पास फेकून?

हां. मग समितीतल्या विद्वानांनी काय केलं? जुनं पुस्तक उघडलं, नावापुढे ‘क्वार्टरबॅक’ वाचलं आणि आपल्या टेलबॅकचे, थर्मन पिकेटचे, सगळे पास बाबांच्या नावावर चढवले! शब्द एक, अर्थ दोन, आणि मधली सत्तर वर्षं गिळून वर ढेकर. चाळीस वर्षं लॅटिन शिकवलं मी. पहिल्या तासाला एकच सांगायचे: शब्द ओळखीचा निघाला म्हणून अर्थ कळला असं समजू नका. ही मंडळी पहिल्याच तासाला नापास झाली असती.

छे, चिडलेली नाही. चिडले की माझं व्याकरण सुधारतं, एवढंच.

कोण?… रॉय डेल हॅकनीला मध्ये आणू नकोस. तो सहावा आला हेच हास्यास्पद आहे. लांब फेकायचा, हो, पण कुणाकडे चाललोय ते चेंडूलाही माहीत नसायचं… मॅबरी? मॅबरी पहिलाच. त्यात वाद नाही… गुडघा मोडल्यावरसुद्धा! एका पायावरचा मॅबरी तुझ्या त्या दोन पायांच्या कोडी स्ट्रेंजला… बरं, बरं, आकडे त्याचे जास्त आहेत. आकडे टेलिफोनच्या डिरेक्टरीतही असतात.

हो, ऐकतेय…

हॉलिस… हॉलिस, थांब. तुला काय वाटतं, मला नको होतं? यादीत त्यांचं नाव वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पावाला लावायच्या पिमेंटो चीजचा अख्खा वाडगा संपवला. पावाशिवाय… आनंदानं, मूर्खा. आणि मग थर्मन पिकेट आठवले. जिवंत आहेत ते. ब्याण्णव वर्षांचे, आपल्याच गावात. त्यांचे ते एकतीस पास, आणि खाली नाव आपल्या बापाचं. बाबांनी कधी दुसऱ्याची छत्रीसुद्धा चुकून घरी आणली नाही रे.

म्हणून लिहिलं. टार्पली काढा, पिकेट घाला.

तू आहेस कुठे? मागे कोंबडा काय ओरडतोय?… कुणाच्या व्हरांड्यात?…

अरे, त्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून तू माझ्याशी भांडतोयस? त्यांना ऐकू जातंय?… सगळं?… ढोलाचंही?

नाही, देऊ नकोस. हॉलिस, फोन त्यांच्या हातात दिलास तर—

मिस्टर थर्मन! कसे आहात?… हो सर… हो सर. ‘मिस एडिथ’ काय म्हणताय हो, तुम्ही मला कडेवर घेतलंय… मी चावले होते? कानाला?… बरं, क्षमा मागते. पासष्ट-सहासष्ट वर्षं उशीरच झाला.

हॉलिसनं वाचून दाखवलं ना पत्र?… चूक? माझ्या पत्रात?… व्याकरणाची?… मग कसली?

थांबा. कोणती चाल खेळायची, ते प्रशिक्षकच ठरवायचे ना?… मैदानाच्या कडेवरून काही सांगितलं तर दंड बसायचा… हो, तो नियम मी वाचला होता. वाचला होता मी… मग मैदानात ठरवायचं कोण?

…

ऐकतेय सर. सावकाश सांगा.

प्रत्येक चाल बाबांनी?… चारही वर्षं?… आणि तुम्ही एकदाही नाही?

बर्फ पडत होता… हो… शेवटची संधी, आठ यार्ड हवे होते. तुम्ही म्हणालात, मी चेंडू घेऊन पळतो… आणि बाबा?… ‘त्यांचा डावीकडचा पोरगा लंगडतोय, थर्मन, लपवतोय. त्याच्या डोक्यावरून फेक’… तुम्ही काय म्हणालात?… नाही, म्हणा ना, मी लॅटिन कवी वाचलेत, ह्यापेक्षा घाण लिहून ठेवलंय त्यांनी… हं. आणि फेकलात.

आणि त्या एका पासासाठी लोक अजून तुमची पाठ थोपटतात… आणि तुम्ही दर वेळी सांगता, चाल रूफसची होती… लिहून कुणीच घेत नाही. घेणार कसे? कुणी फेकलं याला पुस्तकात रकाना आहे. कुणी सांगितलं, याला नाही.

म्हणजे तुमच्या वेळी क्वार्टरबॅक याचा अर्थच… बोलणारा. ठरवणारा.

मग शब्द बरोबर होता, मिस्टर थर्मन… नाही, समिती बरोबर नव्हती! तिनं चुकीच्या कारणासाठी बरोबर नाव लिहिलं, आणि मी बरोबर कारणासाठी ते खोडायला निघाले. काय म्हणावं याला?… टार्पली म्हणावं? वा! घराण्याचाच गुण म्हणा.

नाही, पास तुमचेच. तुमच्या नावावर लिहायला लावीन, एकतीसच्या एकतीस… आणि यादीत? पिकेट अकरावे, असं सुचवू?… नाकाराल?… ‘मी टेलबॅक होतो, टेलबॅक म्हणूनच मरणार’… बरं सर. तुमच्यासारखा विद्यार्थी मला चाळीस वर्षांत मिळाला नाही.

एक विचारू? त्यांनी घरी हे कधीच का सांगितलं नाही?… हं… ‘पोरगी एवढी पुस्तकं वाचते, एक दिवस तिलाच सापडेल’… असं म्हणाले? कधी?… थांबा, हे आत्ताच लिहून ठेवते.

रविवारी चर्चनंतर येते. पीच कॉबलर भाजून आणते… आणि वही आणते. बाबांनी ठरवलेली जेवढी म्हणून आठवते तेवढी प्रत्येक चाल सांगायची, शिव्यांसकट. जरा हॉलिसला द्या.

हॉलिस, हसणं थांबव. दात दिसत नसले तरी ऐकू येताहेत… हो, आत्ताच लिहिते… अकरा बेचाळीस, मलाही घड्याळ कळतं. नाव राहील, पास पिकेटांचे होतील, आणि बाबांसमोर काय लिहायचं ते मी सांगीन, समिती नव्हे… अरे, आता ठेवू दे मला. अठरा मिनिटांत ‘माझी चूक झाली’ असं लिहायचंय, आणि ते वाक्य मी आजवर फक्त मुलांच्या वह्यांत तपासत आलेय.