तिसऱ्या वळणावरचा भोंगा

कांथोच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर हुएकाकी, आणि तिची होडी नुकतीच विकत घेतलेला लुआन.

"अर्ध्या तासाचा तर कालव्याचा फाटा, काकी. त्यात शिकवायचं काय?"

"भरतीलाच शिर. ओहोटीत शिरलास तर गाळात रुतशील, बदकं हसतील."

"बरं."

"साकवाखाली मान वाकव. जलपर्णी लागली की इंजिन वर घे, वल्ह्यानं जा. तिसऱ्या वळणावर पत्र्याचं घर आहे, तिथं भोंगा वाजव. दोनदा."

"समोरून होड्या येतात तिथं?"

"नाही रे. आमचंच घर ते. सासूबाई ओट्यावर असतात. दिसत नाही त्यांना."

"मग भोंगा कशाला?"

"हंगामात हे होडीतच राहायचे. दारासमोर भोंगा वाजवून तसेच पुढं बाजाराला. तो ऐकल्याशिवाय म्हातारी भाताला शिवत नाही."

"म्हणजे काका गेल्याचं त्यांना सांगितलंच नाही तुम्ही?"

"दिरांच्या गावी पुरलं. दीड महिना झाला. रोज मनाशी म्हणते, उद्या सांगू."

"मग इतके दिवस भोंगा?"

"मीच वाजवायचे. होडी पुढं बांधायची, मागच्या दारानं येऊन त्यांना वाढायचं. आता होडी झेपत नाही मला."

"वाजवीन, काकी. पण त्यांनी हाक मारली तर?"

"मारतातच. 'जेवलास का रे' म्हणून."

"मग मी काय सांगू?"

"काही नको. ह्यांनी कधी ओ दिली नाही. तूही देऊ नकोस."