हयीमची गार चूल आणि ‘तुमचे लोक’

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक विचारतो. दोघं भांडतायत, तर चूक कुणाची हे ठरवायचं कुणी? पंचानं? बरं! पण पंचच आधी एका बाजूला जाऊन बसला असेल तर? हसू नका, तुमच्याकडेच बघतोय.

तर ऐका. रेवदंड्याच्या अलीकडे एक गाव. तिथं राहायचा हयीम झिराडकर. बेने इस्रायली — म्हणजे आपले कोकणातले ज्यू हो! पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा, शनिवार त्यांच्या धर्मात विसाव्याचा, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. शनिवारी हा गडी काडी पेटवणार नाही, फोनला हात लावणार नाही. आणि ‘जरा चूल पेटवून दे’ असं दुसऱ्याला सांगायचंही नाही! मग चहा?

चहाची सोय भिंतीपलीकडे. शर्फुद्दीन धनसे — शर्फू. कोकणी मुसलमान, हयीमच्या बरोबरीचा, चड्डीत होते तेव्हापासूनचा दोस्त. दर शनिवारी सकाळी यायचा आणि म्हणायचा, “हयीम, मला चहाची तल्लफ आलीय रे, तुझ्या चुलीवर करून घेतो.” करायचा स्वतःसाठी, पण पातेल्यात कपभर उरायचा. दर शनिवारी उरायचा! रमजानात शर्फूचा रोजा असला, की हयीमही दिवेलागणीपर्यंत घसा कोरडा ठेवून बसायचा. करतो काय?

आता तिकडे इस्रायल आणि गाझात लढाई पेटली. हयीमची धाकटी बहीण रिवका तिकडे अश्दोदला दिलेली. तिच्या गावावर रॉकेटं, गाझावर बाँब, आणि इकडे हे दोघे एकाच टीव्हीपुढे. हयीम म्हणाला, “सुरुवात कुणी केली? घरात शिरून माणसं मारली तुमच्या लोकांनी.”

शर्फू उसळला. “आणि लेकरांच्या अंगावर घरं पाडतायत, ते तुमचे लोक नव्हेत?”

तुमचे लोक! अहो, शर्फू पनवेलच्या पुढे कधी गेला नाही. हयीम गेला एकदा बहिणीकडे, तर पोह्यांवर ओला नारळ मिळेना म्हणून महिन्यासाठी गेलेला गडी आठवड्यात परत. पण शब्द सुटला तो सुटला. बोलणं बंद.

आणि गावाला चढला उत्साह! पारावर दोन तट. बंडूनाना इकडे, गजामास्तर तिकडे. एक शंभर वर्षं मागे जातो, दुसरा दोन हजार! नानांचा सख्ख्या भावाशी बांधावरचा तंटा सुटेना, आणि निघाले जेरुसलेमची वाटणी करायला. खरी उत्सुकता मात्र एकच — शनिवारी शर्फू जातो की नाही?

शनिवार उजाडला. हयीम गार चुलीपुढे. शर्फू आपल्या ओटीवर, तोंड फिरवून. तेवढ्यात हयीमचा फोन वाजला. थांबला, पुन्हा वाजला. शनिवारी ह्याला फोन करणार कोण? जिच्या जिवावर बेतलंय तीच! जीव वाचवायचा असेल तर शनिवार मोडता येतो, हे हयीमला ठाऊक होतं. पण हात पुढे होईना. नियमामुळे नव्हे हो — काय ऐकावं लागेल या भीतीनं.

भिंतीपलीकडे शर्फू उठला. तडक हयीमच्या घरात गेला, फोन उचलला. “रिवका? बोल गं बाय... हयीम, आहे रे, आहे तुझी बहीण! शेजारचं घर कोसळलं, ही जिन्याखाली होती.”

हयीम रडला, मंडळी. फोनमधून तिकडच्या पोरांचं रडणं ऐकू येत होतं. शर्फू त्याच्याशेजारी टेकला. म्हणाला, “हयीम, त्या दिवशी घरात शिरून मारलं ते पाप होतं. तुझा जीव बहिणीत अडकलेला आणि मी हिशेब काढत बसलो.”

हयीमनं डोळे पुसले. “माझ्या बहिणीला जिना तरी आहे रे. गाझातल्या लेकरांना तोही उरला नाही. आमचे करतायत ते, शर्फू. ते चूक आहे.”

मग चूल पेटली, हे काय सांगायला हवं? पण दारातून बंडूनाना विचारतात, “मग ठरलं काय? दोष कुणाचा?” घ्या!

नाना, दोष आहे. मोठा आहे. कुणाचा किती, ते बोलायलाच हवं. सगळे सारखेच म्हणून हात झटकणं हाही न्याय नव्हे. पण आपल्या माणसाची चूक ज्याला तोंडानं म्हणता येते, त्यानंच दुसऱ्याची मोजावी.

आता तुमचं बघू. लांबची लढाई राहू द्या, भावकीतलीच घ्या. आपल्या बाजूचं काय चुकलं, ते एकच वाक्य शेजारी बसलेल्याला सांगा. आत्ता. भजन त्यानंतर.

का हो? मघाशी तर सगळ्यांना तोंडं होती.