मेनच्या फ्यूजमधली तार

(कसबा बावडा, कोल्हापूर. जानेवारी २००८. सोमवार, सुट्टीचा दिवस, सकाळचे साडेनऊ.)

यल्लाप्पा : आकाराम, बोर्डाला हात लावू नगंस, सांगून ठेवतो. तीस वरसं लाइटीच्या बोर्डात वायरमन हुतो मी. माझ्या घरचा मेन माझ्याशिवाय कुणी उघडल्याला न्हाय.

आकाराम : वस्ताद, मी काय परका हाय व्हय? तुमच्याच हाताखाली शिकलोय की.

अक्षता : आण्णा, त्यांना मी बोलावलंय. बघू द्या.

यल्लाप्पा : बघायचं काय त्यात? ह्या घराला त्यो लोड पेलत न्हाय. तुझी ती बॅटरीची चारचाकी गाडी चार्जिंगला लावली की मेनचा फ्यूज उडतोय. पंधरा दिसांत पाच बार उडला.

अक्षता : सात वेळा.

आकाराम : ताई, जरा बैजवार सांगा. लावल्या लावल्या उडतोय, का दमानं?

अक्षता : दहा-पंधरा मिनिटांनी. सगळं घर अंधारात. आण्णा म्हणाले, लोड जास्त होतोय, कायतरी कमी कर. मी गिझर काढून टाकला. ह्या थंडीत गार पाण्यानं अंघोळ करून सातच्या पाळीला जाते. तरी उडला. मग म्हणाले, आईची घरघंटी लोड खाते. ती शाहूवाडीच्या बायडामावशीला दिली. तरी उडला. परवा फ्रीजसुद्धा बंद ठेवला.

आकाराम : काकूंची घरघंटी दिलासा? आयला! निम्म्या गल्लीचं दळण हुयाचं की त्यावर. बाळाबाई काकू पिठात पांढऱ्याफेक हून बसायच्या, मी कायम चेष्टा करायचो.

अक्षता : आई जाऊन दोन वर्षं झाली. आता दळायला कोण आहे, अशी मनाची समजूत घातली. मावशी ती टेंपोत चढवत होती, तेव्हा आण्णा मागच्या दारानं निघून गेले.

यल्लाप्पा : झालं गेलं कशाला उकरतीस? गाडी विकणाऱ्या त्या सांगलीच्या पावण्याला फोन लाव. आज गाडी परत न्यायला येतोय न्हवं? नेऊ दे.

अक्षता : आकारामदादा, म्हणूनच तुम्हाला बोलावलं. पंधरा दिवस चालवून बघा, मग ठरवा, असं ते म्हणाले होते. आज पंधरावा. ह्या घरात गाडी चार्ज होईल का, एवढंच सांगा. नाही म्हणालात तर गाडी गेली.

आकाराम : राग मानू नका ताई, पर गाडीच का? शिरोलीला तुमच्या कंपनीची बस जाती की.

अक्षता : बस हायवेवरनं जाते. तिथवर चालायला पाय कुठाय? पोलिओनं डावा पाय लहानपणीच गेला. क्लच दाबता येत नाही. ह्या गाडीला क्लचच नाही, सगळं उजव्या पायानं होतं. एवढी एकच गाडी मला चालवता येते. पंधरा दिवसांत दोनदा कंपनीच्या लॅबला एकटी गेले. बाकी रोज आण्णांच्या लूनावर मागं.

यल्लाप्पा : शाळेपासनं सोडतोय तुला. कवा उशीर झाला?

अक्षता : उशीर नाही झाला. दिवाळीत पुलावर पडलो आपण.

यल्लाप्पा : खडी हुती.

अक्षता : खडी नव्हती. समोर उसाचा ट्रॅक्टर उभा होता, तो तुम्हाला दिसला नाही.

यल्लाप्पा : त्याला मागं दिवा न्हवता!

अक्षता : उजाडल्यावर दिवा कशाला लागतोय, आण्णा?

आकाराम : बरं बरं, भांडू नगा. ताई, गाडीची पिन लावा. हां. माझा मीटर दावतोय बारा आंपिअर. आता मला एक सांगा. काकू असताना सकाळी गिझर आन घरघंटी एकदमच चालायची न्हवं?

अक्षता : रोज. वर माझी इस्त्री.

आकाराम : म्हंजी ह्याच्यापेक्षा जास्तीच लोड झाला. तवा कवा फ्यूज उडलता?

अक्षता : नाही. कधीच नाही.

आकाराम : मग आता एकट्या गाडीनं कसा उडतोय? वस्ताद, सरका जरा. मेन बंद केला. फ्यूज काढतोय.

यल्लाप्पा : हात लावू नगंस म्हणलो न्हवं!

आकाराम : निघाला बी.

अक्षता : काय झालं?

आकाराम : काय न्हाय.

अक्षता : काय न्हाय म्हणजे? तोंड का उतरलं तुमचं?

आकाराम : तार जुनी झाली हुती, ताई. झिजली. दुसरी घालतो, दोन मिंटाचं काम हाय.

अक्षता : जुनी कशी? परवाच आण्णांनी नवीन घातली. मी टॉर्च धरून उभी होते.

आकाराम : मग दुकानदारानं गंडवलं आसंल. आजकाल माल कुठं धड येतोय? सगळा डुप्लिकेट...

यल्लाप्पा : आकाराम.

आकाराम : जी.

यल्लाप्पा : माझ्यापायी खोटं बोलू नगंस. तिला तार दाव.

आकाराम : ऱ्हाऊ द्या की वस्ताद.

यल्लाप्पा : दाव म्हणतोय न्हवं!

आकाराम : ताई, हितं ही एवढी जाड तार लागती. आन ही बघा. साध्या वायरीतली एकच बारीक काडी हाय. गाडी लावली की तापती आन जळती.

अक्षता : चुकून घातली असेल. त्यांना बारीक दिसत नाही आता.

आकाराम : व्हय व्हय. तसंच झालं आसंल.

यल्लाप्पा : कसं बांधलंय ते बघितलंस न्हवं तू?

आकाराम : बघितलं. स्क्रूला दोन येढं आन शेपूट आत दाबल्यालं. तुमीच शिकिवलंसा मला. दुसरं कोण आसं बांधत न्हाय.

यल्लाप्पा : डोळं गेलं तरी बोटास्नी जाड-बारीक कळतंय. चुकून न्हाय, अक्षे. साती बार मी जाणून घातली.

अक्षता : गिझर काढला तेव्हा?

यल्लाप्पा : व्हय.

अक्षता : आईची घरघंटी टेंपोत चढली तेव्हा?

यल्लाप्पा : व्हय. तवा तोंडापतोर आलतं. बोलवलं न्हाय.

अक्षता : आईची वस्तू होती ती! आई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला मावशी त्या घरघंटीला हात लावून रडली होती. ती घरातनं जाऊ दिलीत, पण खरं बोलला नाहीत? मी रोज गार पाणी अंगावर घेताना तुम्ही चहा पीत समोर बसायचा. काय वाटलं नाही तुम्हाला?

यल्लाप्पा : वाटलं की.

अक्षता : मग का केलंत?

यल्लाप्पा : तू एकटी जायाला लागलीस, की मी कशाला उठू सकाळी? रिटायर झालो. तुझी आई गेली. साडेसहाला लूनाचं पायडल मारायचं, तुला सोडायचं, आन तू कवा सुटतीस म्हणून दिसभर घड्याळ बघायचं. दुसरं काय काम हाय मला? तू त्या गाडीतनं दोनदा गेलीस, तवा दारात नुसता उभा ऱ्हायलो मी. लई भ्या वाटलं, पोरी.

अक्षता : आणि मला नाही वाटत? दिवाळीपासून तुमच्या मागं बसते, ती जीव मुठीत धरून. एक दिवस दोघं मेलो असतो त्या पुलावर.

यल्लाप्पा : त्ये बी कळत हुतं. पुलावर आलो की काय दिसायचं न्हाय मला. आवाजावर चालवत हुतो.

अक्षता : आवाजावर?

यल्लाप्पा : व्हय.

आकाराम : वस्ताद, मी एकदा फ्यूजला चुकीची तार घातली, तर चार माणसांत मुस्काडीत दिलतासा मला.

यल्लाप्पा : दिलती. आज तू दे.

आकाराम : काय बोलतासा ह्ये! बसा तितं. तार घातली मी. मेन चालू करतो. झाला. आता पाव तास कुणी काय बोलू नगा.

अक्षता : फोन वाजतोय. सांगलीचे असतील. पण पाव तास तरी...

यल्लाप्पा : आण हिकडं. हॅलो! व्हय, यल्लाप्पाच बोलतोय. पावणं, येऊ नगा. गाडी ठेवतोय आमी. न्हाय, न्हाय, पेलतोय लोड. पयल्यापासनं पेलत हुता. चूक माझी हुती.

आकाराम : पाव तासाच्या आधीच सांगून टाकलासा?

यल्लाप्पा : तार तू बांधलीस न्हवं? मग काय बघायचंय?

अक्षता : आण्णा, तुम्ही फोनवर बोललात म्हणून माझा राग गेला असं समजू नका. गेला नाही. लवकर जायचा पण नाही.

यल्लाप्पा : नगं जाऊ दे.

अक्षता : मावशीकडं घरघंटी मागायला तुम्हीच जायचं. ती का दिली होती, ते पण तुम्हीच सांगायचं.

यल्लाप्पा : सांगतो. शिव्या देईल.

अक्षता : देऊ दे. अकराला लोडशेडिंग आहे. तोवर तासभर चार्ज होईल, दसरा चौकात जाऊन यायला तेवढं पुरतं. आवरा. डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचंय.

यल्लाप्पा : आजच? त्यो म्हणंल, लूना बंद कर म्हाताऱ्या.

अक्षता : म्हणणारच.

यल्लाप्पा : मग मी काय करायचं?

अक्षता : मला माहीत नाही, आण्णा. खरंच माहीत नाही. बघू आपण.

यल्लाप्पा : बरं. चपला घालतो. अक्षे...

अक्षता : काय?

यल्लाप्पा : ह्या गाडीचं दार कुठनं उघडतंय?