प्रतिस्पर्ध्याची शिकवणी

दंतवैद्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर विरुद्ध संघांतले बास्केटबॉलचे दोन व्यावसायिक खेळाडू गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. स्वागतिकेची मान वहीत होती आणि कान त्यांच्याकडे.

"दादा, काल तुमच्या कोपराने माझा दात पाडला, त्याचं काही नाही, इथे आणलंतही तुम्हीच. पण भर मैदानात मला खांब म्हणालात!"

"खेळून पोट भरतोस आणि एवढ्याने रडतोस?"

"मैदानात कुणी डिवचलं, तर मला उलट बोलताच येत नाही. उद्या तुमच्याविरुद्ध पुन्हा गप्प राहिलो, तर कोच मला संघातून नारळ देणार आहे."

"मग बोल. म्हण, म्हातारा झालास."

"म्हातारा झालास."

"अरे, प्रार्थना म्हणतोयस का?"

स्वागतिकेने हसू दाबलं.

"तुम्हाला खरंच लागेल असं काय आहे?"

"माझा धाकटा भाऊ शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा मी सामना खेळत होतो. फोन येत होते, मी घेतले नाहीत. तो विषय काढलास, की माझा खेळ संपतो. बॉल धरताच येत नाही."

स्वागतिकेचं पेन जागच्या जागी थांबलं.

"हे मला कशाला सांगता?"

"तुझी नोकरी वाचावी म्हणून. म्हणून दाखव."

"तुमचा धाकटा भाऊ..."

"म्हण ना!"

"नाही जमत, दादा."

"मग उद्या हरशील."

"हरतो. पण हे आणखी कुणाला सांगू नका."