घण खाली ठेवताना

मंचावरचे अध्यक्ष, आपले गावप्रमुख हार्जोसाहेब, सुराकार्ताहून वेळ काढून आलेले पाहुणे, आणि चटयांवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या लेकीसुनांनो, भाऊबंदांनो, तुम्हा सगळ्यांना एम्पूंच्या बायकोचा, या गिनेमचा नमस्कार. मला माइक दिलात, फार आनंद झाला. घरी मला कोण बोलू देतंय?

आज निरोप पोनिमनभावजींना. लेकीकडे बोर्निओला चाललेत. आमचे मालक केरिस, म्हणजे कमरेला खोवायच्या मानाच्या कट्यारी, घडवतात, म्हणून एम्पू म्हणवतात, शाली त्यांनाच मिळाल्या. पण घण कुणी घातला? मालकांनी तापल्या पात्यावर हातोडीची टिचकी मारायची, आणि भावजींनी तिथंच, हवा तेवढाच घण घालायचा. मधे एक शब्द नाही. मी भाता ओढत बघायचे. इतकं ऐकून घेणं आम्हा नवराबायकोत कधी झालं नाही, खरं सांगते. हसा, हसा.

आता भावजींचा खांदाच गेला. इकडे नातीचं लग्न तोंडावर, आणि नातजावयाच्या कमरेला खोवायचा केरिस अर्धाच झालेला. घण घालायला दुसरं कोण? तरणी पोरं सगळी कारखान्यात. मग आमच्या मुलानं विजेच्या मोटारीवर चालणारा घण आणला. चांगल्या मनानंच आणला हो. पण मोटारीला टिचकी कशी कळायची? ती आपली एकाच जोरात धाडधाड. लोखंडाच्या ज्या थरांतून पात्यावर नक्षी उमटते ते थर केळीच्या खोडासारखे सुटले. पातं गेलं. नातजावयाला आता बाजारातला, पत्र्यातून कापलेला द्यायचा. एम्पूच्या घरात!

काल भावजी भेटायला आले. मालक ऐरणीपाशीच होते. गार लोखंडावर टिचकी मारली आणि थांबले. म्हणाले, "पोनिमन, आता इथं मार म्हणून कुणाला सांगू?"

भावजी म्हणाले, "वहिनींना सांगा. तुमच्यावर राग काढायला त्यांना निमित्तच हवंय."

तिघंही हसलो. मालकांचं हसणं मात्र थांबेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. भावजींनी दुखऱ्या हातानं त्यांचं तोंड पुसलं.

असो. बोलावलंत, ऐकलंत, उपकार झाले. शाळा फार नाही झाली माझी. कमीजास्त बोलले असेन तर पदरात घ्या. पिवळा भात गरम आहे, सावकाश जेवा. आम्हालाही घाई नाही. निघताना भट्टीत पाणी ओतूनच आलेय.