दोन कुलपांची जमीन

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्हाला संशय कसा नाही आला?" मला! तुम्हाला सांगतो, मी दूध घेतो ते माप उलटं करून बघून, डॉक्टरनं दिलेलं औषध दुसऱ्या डॉक्टरला दाखवतो, दुसऱ्यानं दिलेलं पहिल्याला, आणि... अहो, कोपऱ्यातले, तुम्ही काय लिहून घेताय? काही नाही? बरं. संशयी नाही हो मी. आपलं विचारून ठेवलेलं बरं.

तर जमीन. लहानसा तुकडा, निवृत्तीनंतर दोन खोल्या बांधायच्या म्हणून घेतलेला, आयुष्यभराची पुंजी ओतून. मोजणी केली, नोंदी बघितल्या, शेजाऱ्यांना विचारलं, शेजारी खरं बोलतात का ते पलीकडच्या शेजाऱ्यांना विचारलं. सगळं चोख. फक्त फाटकाच्या साखळीला एक कुलूप. चांगलं जाडजूड, तेल घातलेलं. म्हटलं, हे कुणाचं? विकणारा म्हणाला, "आपलंच की भाऊजी, किल्ली हरवलीय." आता हरवलेल्या किल्लीच्या कुलपाला तेल कोण घालतं? विचारणार होतो, तोंड उघडलंसुद्धा... "भाऊजी" म्हणाला, ते ऐकलंत ना? विकणारा माझा सख्खा मेहुणा. आणि मेहुण्याची सख्खी बहीण माझ्या शेजारी उभी. तिनं नुसतं बघितलं. "अहो, माझ्या भावावर संशय?"

मिटलं तोंड. संशयी नाही हो मी. फक्त त्याच साखळीत आपलंही एक कुलूप अडकवून आलो.

महिन्याभरात तिथला एक गिरणीवाला दारात. म्हणे जमीन त्याची, मेहुण्यानं आधीच विसाराचे पैसे घेऊन लिहून दिलीय, कागद कच्चा, नोंदणी नाही, पण ते जाडजूड कुलूप त्याचं! गेलो वकिलाकडे. वकील म्हणाला, "घाबरू नका, सद्भावनेनं घेणाऱ्याला कायदा सांभाळतो. नीट चौकशी केली होती आणि आधीचा व्यवहार ठाऊक नव्हता, एवढं कोर्टाला पटलं पाहिजे." म्हणजे चौकशी करायची संशयी माणसासारखी आणि विश्वास ठेवायचा भोळ्यासारखा. एकाच माणसानं? (हा वकील समोरच्याला मिळालेला नाही ना, हे मी त्याच्या कारकुनाला विचारून घेतलं. संशयी नाही हो मी.)

समोरच्या वकिलानं पिंजऱ्यात मला सोलूनच काढलं. "दुधाचं माप बघता?" बघतो. "औषध दोन डॉक्टरांना दाखवता?" दाखवतो. "मग असा माणूस तेल घातलेलं कुलूप बघून गप्प बसला? आणि काहीच ठाऊक नव्हतं, तर स्वतःचं कुलूप कशाला लावलं?" काय सांगणार? की घरी साखरेच्या डब्यालाही मी कुलूप लावतो? दोन खोल्या डोळ्यांसमोर कोसळल्या हो, बांधायच्या आधीच.

मग साक्षीला आमची ही. शांतपणे म्हणाली, "साहेब, कुलूप कुणाचं ते यांनी विचारलं होतं. भाऊ आपलंच म्हणाला. हे पुढं बोलणार होते, मी बोलू दिलं नाही. माझ्या माहेरचा विषय निघाला की हे समोरच्यावर विश्वास ठेवतात. ठेवावाच लागतो."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. अनुभवी माणूस असावा. निकालात लिहिलं की घेणाऱ्यानं विचारायचं ते विचारलं, घरच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला, खरेदी सद्भावनेनं झालेली आहे. जमीन माझी! गिरणीवाल्यानं आपले पैसे मेहुण्याकडून वसूल करावेत.

आनंदानं घरी आलो, तर माझ्या खुर्चीत मेहुणा. "अभिनंदन भाऊजी! आता त्या गिरणीवाल्याचे पैसे फेडायचेत ना, म्हणून म्हटलं, माझी अजून एक जमीन आहे, ती तुम्हीच घ्या. एकदम निर्वेध."

मी तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारातून हिनं बघितलं.

...तर निघतो मी आता. दुकानं बंद व्हायच्या आत एक कुलूप घ्यायचंय.